मीठ, मेण आणि कापूर: गुणधर्मांवरून पदार्थाच्या आतली बले कशी ओळखावीत

अकरावीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी हमखास भेटते: “पाण्यातील सहसंयुज बंध दुर्बल असल्यामुळे पाणी १०० अंशांना उकळते आणि मिठातील आयनिक बंध प्रबळ असल्यामुळे मीठ ८०१ अंशांना वितळते.” सहसंयुज बंध म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतल्याने झालेला, तर आयनिक बंध म्हणजे आयनांच्या, म्हणजे धन आणि ऋण भारित कणांच्या, आकर्षणातून झालेला. विद्यार्थ्याच्या वाक्याचा उत्तरार्ध बरोबर आहे. पूर्वार्ध मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे ज्याला नीट उमगले, त्याला पदार्थांच्या गुणधर्मांविषयीचे निम्मे रसायनशास्त्र उमगले असे मी समजतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनला हायड्रोजनशी जोडणारा बंध अजिबात दुर्बल नाही. तो तोडायला मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, फार मोठी संख्या) सुमारे ४६३ किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे एका रेणूतले दोन्ही बंध मोडायचे तर मोलमागे सुमारे ९२६ किलोज्यूल. १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला मात्र मोलमागे ४०.७ किलोज्यूल पुरतात. पातेल्यातून वर जाणारी वाफ हे पाणीच असते. ती झाकणाला लागून थेंब होते आणि परत खाली पडते. उकळताना रेणू अखंड राहतात आणि फक्त एकमेकांपासून सुटतात.

म्हणून कोणत्याही पदार्थाचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. अणूंना अणूंशी काय बांधून ठेवते, हा पहिला. आणि त्या पदार्थात सुटे रेणू असतील तर त्या रेणूंना एकमेकांजवळ काय धरून ठेवते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रासायनिक बंध हे आहे, दुसऱ्याचे आंतररेण्वीय बले. पुढे दिलेली पद्धत या दोन प्रश्नांच्या क्रमानेच जाते. ती घरी करून पाहता येण्याजोगी आहे आणि परीक्षेच्या प्रश्नालाही तशीच लागू पडते. या लेखातील सर्व तापमाने अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

काय जमवावे

खडे मीठ, साखर, मेणबत्तीचा तुकडा, कापूर, तुरटी, खोबरेल, शेंगदाण्याचे तेल, हळद, नखांचे रंग काढण्याचे ॲसिटोन आणि हातांवर घेण्याचे स्पिरिटयुक्त सॅनिटायझर एवढे पुरे. विद्युतवहन तपासण्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, ४७० ओहमचा रोधक आणि दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली घ्याव्यात. पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्रॅफाइट, त्यामुळे तेच विद्युतअग्र म्हणून चालते. विजेच्या बोर्डातून प्रवाह घेऊन हा प्रयोग कधीही करू नये. कापूर, ॲसिटोन आणि सॅनिटायझर पेटतात, म्हणून त्यांचे प्रयोग स्वयंपाकघराबाहेर, ज्योतीपासून लांब करावेत. मुले प्रयोग करत असतील तर तापवण्याचे काम मोठ्यांनी करावे.

पाणी बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड वॉटर असावे. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात आणि बोअरच्या पाण्यात त्याहून जास्त. त्यामुळे त्यात काही न घालताच एलईडी मिणमिणू लागते आणि साखरेच्या पाण्यातूनही वीज वाहते असा चुकीचा निष्कर्ष निघतो. प्रयोग फसण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे.

पहिली पायरी: तापवून पाहणे

स्टीलच्या तीन लहान वाट्यांत अनुक्रमे मेण, साखर आणि मीठ अर्धा अर्धा चमचा घ्यावे. तिन्ही वाट्या आधी कढत पाण्याच्या परातीत ठेवाव्यात. पाणी ७० अंशांच्या आसपास असेल तर मेण काही मिनिटांत पारदर्शक होऊन पसरते. साखर आणि मीठ आहेत तसेच राहतात. आता मेणाची वाटी बाजूला काढून उरलेल्या दोन वाट्या बाहेरून कोरड्या पुसाव्यात आणि मंद आचेवर तव्यावर ठेवाव्यात. साखरेच्या कडा प्रथम ओलसर दिसू लागतात, मग ती पातळ होते, आणि पूर्ण पातळ होते न होते तोच पिवळी, तांबूस आणि शेवटी तपकिरी होऊ लागते. मीठ तडतडते. काही कण वाटीबाहेर उडतात, म्हणून चेहरा जवळ नेऊ नये. तडतडणे थांबल्यावर मात्र ते कितीही वेळ ठेवले तरी कोरडेच राहते.

या तीन वागण्यांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. मेण हे सुट्या रेणूंचे बनलेले आहे आणि त्या रेणूंमधील ओढ इतकी बेताची आहे की कढत पाण्याची ऊष्णता ती सैल करते. साखरेतही सुटे रेणू आहेत, पण तिच्या प्रत्येक रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या आहेत आणि त्या शेजारच्या रेणूंशी हायड्रोजन बंधांनी जखडलेल्या असतात. या सगळ्या बंधांची गोळाबेरीज एवढी होते की १८६ अंशांच्या आसपास रेणू एकमेकांपासून सुटू लागतात तेव्हाच रेणूच्या आतले काही बंधही मोडू लागतात. तपकिरी रंग आणि कॅरॅमलचा वास हे त्या मोडण्याचे फळ आहे. म्हणजे मेण वितळणे हा भौतिक बदल, तर साखरेचे कॅरॅमल होणे हा रासायनिक बदल. साखरेची वाटी थंड करून पाहिली तर पुन्हा पांढरी साखर मिळत नाही.

मिठाचे तडतडणे पुष्कळांना फसवते. ते मीठ फुटल्यामुळे होते हे खरे, पण बंध उष्णतेने सुटल्यामुळे नव्हे. मिठागरात स्फटिक वाढत असताना त्याच्या पोकळ्यांत खारे पाणी अडकते. तापल्यावर त्याची वाफ होते आणि ती स्फटिक फोडून बाहेर पडते. मीठ स्वतः वितळायला ८०१ अंश लागतात, जे घरच्या तव्यावर मिळत नाहीत. तेथे सुटे रेणू नाहीतच. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन, अशी अखंड जाळी खड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली असते. ते वितळवायचे तर बंधांनाच हात घालावा लागतो. म्हणून “मिठाचा रेणू” हा शब्दप्रयोग टाळावा, असा माझा आग्रह असतो. शब्द चुकला की पुढचे चित्रही चुकते.

दुसरी पायरी: चार घराण्यांपैकी कोणते हे ठरवणे

घन पदार्थांची ढोबळ मानाने चार घराणी आहेत: आयनिक, धात्विक, अणूंचे सलग जाळे असलेले सहसंयुज पदार्थ, आणि सुट्या रेणूंचे पदार्थ. पदार्थ कोणत्या घराण्यातला आहे हे ओळखायला वीज आणि हातोडी या दोन कसोट्या उत्तम.

कोरड्या मिठाच्या खड्याला दोन्ही पेन्सिली टेकवल्या तर एलईडी लागत नाही, कारण आयन आहेत पण जागेवर खिळलेले आहेत. तोच खडा डिस्टिल्ड पाण्यात विरघळवला की एलईडी लागते आणि पेन्सिलींच्या टोकांशी बुडबुडे दिसू लागतात. त्यात थोडा क्लोरीन वायूही असतो, म्हणून अर्ध्या मिनिटात जोडणी काढावी आणि खिडकी उघडी ठेवावी. साखरेच्या पाण्यात एलईडी लागत नाही. तेथे साखरेचे रेणू विरघळतात, पण ते विद्युतभारित नसतात. तांब्याची तार घन अवस्थेतच वीज वाहून नेते, कारण धातूत अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन एकेका अणूचे राहत नाहीत, तर सगळ्या जाळीत मोकळे फिरतात.

हातोडीची कसोटी मला अधिक बोलकी वाटते. खडे मिठाचा मोठासा खडा फडक्यात गुंडाळून हलकेच ठोकावा आणि तुकडे भिंगाखाली पाहावेत. त्यांत काटकोनात मिळणाऱ्या सपाट बाजू दिसतात. ठोक्याने आयनांचा एक थर शेजारच्या थरावरून किंचित सरकतो, तोच धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येते, आणि जे आकर्षण होते तेच प्रतिकर्षण होऊन स्फटिक दुभंगतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हेच ठोके तांब्याच्या पत्र्यावर पडतात, पण पत्रा दुभंगत नाही. वाकतो, खोल होतो, हंडा होतो, आणि त्यावर मठारकामाचे एकसारखे डाग उमटतात. धातूच्या अणूंचे थर एकमेकांवरून सरकले तरी मोकळे इलेक्ट्रॉन नव्या जागीही त्यांना धरून ठेवतात.

सलग जाळ्याच्या घराण्याचे ओळखीचे उदाहरण म्हणजे गारगोटी आणि वाळू, दोन्ही मुख्यतः सिलिकॉन डायऑक्साइड. येथे एक तुलना आवर्जून करावी. कार्बन आणि सिलिकॉन आवर्तसारणीत एकाच गणात, एकाखाली एक आहेत. दोघांच्याही डायऑक्साइडमध्ये बंध सहसंयुजच आहेत. तरीही कार्बन डायऑक्साइड उणे ७८.५ अंशांनाच घनाचा थेट वायू होतो आणि सिलिकॉन डायऑक्साइड वितळायला सुमारे १७०० अंश लागतात. कार्बन डायऑक्साइडमध्ये एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन मिळून एक सुटा रेणू पुरा होतो. सिलिकॉन मात्र चार ऑक्सिजनना धरतो, तो प्रत्येक ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला धरतो, आणि ही साखळी तिन्ही दिशांना खड्याच्या शेवटापर्यंत संपत नाही. “सहसंयुज म्हणजे कमी द्रवणांक” असे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ही जोडी एकदा दाखवली की ते वाक्य तो पुन्हा लिहीत नाही.

कागदावर घराणे ओळखायचे असेल तर विद्युतऋणतेची, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या अणूच्या क्षमतेची, मदत घ्यावी. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीवर सोडिअमचे मूल्य ०.९३ आणि क्लोरीनचे ३.१६, फरक २.२३, म्हणजे बंध आयनिक. फरक १.७ च्या वर असेल तर आयनिक, असा संकेत पुस्तकांत असतो. तो संकेतच आहे, नियम नव्हे. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८ आहे, पण तो सुट्या रेणूंचा पदार्थ असून १९.५ अंशांना उकळतो. लिथिअम आयोडाइडमध्ये फरक १.६८ आहे, पण तो आयनिक असून ४६९ अंशांना वितळतो. “धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक” हे सूत्रही असेच तोकडे पडते. टायटॅनिअम धातू आहे, पण त्याचा टेट्राक्लोराइड साध्या तापमानाला द्रव असतो आणि १३६ अंशांना उकळतो.

उलट्या बाजूचा अपवाद मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे. कल्हईवाला पितळेचे भांडे निखाऱ्यांवर तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवतो. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. त्यात नायट्रोजन, हायड्रोजन आणि क्लोरीन हे तिन्ही अधातू आहेत, तरीही तो आयनिक आहे, कारण चार हायड्रोजन आणि एक नायट्रोजन मिळून जो अमोनिअम गट होतो तो संपूर्ण गटच धन आयन असतो. गटाच्या आत बंध सहसंयुज, गट आणि क्लोराइड यांच्यात आयनिक. तापल्यावर तो वितळत नाही, तर अमोनिआ आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत फुटतो. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खातो, आणि वर थंड हवेत दोन्ही वायू पुन्हा एकत्र येऊन जो बारीक नवसागर होतो तोच तो पांढरा धूर. कथील २३२ अंशांना वितळते, तांबे १०८५ अंशांना आणि पितळही ९०० अंशांच्या आसपास, म्हणून भांडे शाबूत राहून कल्हई बसते. धातूंचे द्रवणांक सगळेच उंच असतात असे मानू नये. पारा उणे ३९ अंशांनाच वितळतो आणि टंगस्टनला ३४२२ अंश लागतात, एवढा पल्ला या एका घराण्यात आहे.

तिसरी पायरी: रेणू सुटे असतील तर त्यांच्यातील बले मोजणे

पदार्थ सुट्या रेणूंचा आहे हे एकदा ठरले की मगच आंतररेण्वीय बलांकडे वळावे. बले तीन प्रकारची असतात. सर्व रेणूंमध्ये, अगदी हीलिअमच्या एकेकट्या अणूंतही, इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हेलकाव्यांमुळे निर्माण होणारे आकर्षण असते. त्याचे स्पष्टीकरण फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये दिले, म्हणून त्याला लंडन बल म्हणतात. रेणूचे एक टोक कायमचे किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असेल तर त्यात द्विध्रुव बलाची भर पडते. आणि नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरीन यांपैकी एकाला हायड्रोजन थेट जोडलेला असेल, तर तो हायड्रोजन शेजारच्या रेणूतील अशाच अणूच्या इलेक्ट्रॉन-जोडीकडे ओढला जातो, तो हायड्रोजन बंध. पाण्यात त्याची ताकद मोलमागे साधारण २० किलोज्यूल असते. वर सांगितलेल्या ४६३ शी ती ताडून पाहावी, म्हणजे नाव “बंध” असले तरी तो रेणूच्या आतल्या बंधाच्या पंगतीतला नाही हे ध्यानात येते.

ध्रुवीयता, म्हणजे रेणूला अशी धन आणि ऋण टोके आहेत का, हे ठरवताना नुसते बंध पाहू नयेत, रेणूची ठेवणही पाहावी. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्ही ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, पण रेणू सरळ असल्यामुळे दोन तुल्यबळ बाजूंच्या रस्सीखेचीसारखी ती ओढ फिटून जाते. पाण्याचा रेणू वाकलेला आहे. तेथे ओढ फिटत नाही.

तिन्ही बलांची तुलना करायची तर रेणूंचे वस्तुमान सारखे घ्यावे. स्वयंपाकाच्या गॅसमधले ब्यूटेन आणि नखरंग काढायचे ॲसिटोन, दोघांचेही रेणुवस्तुमान ५८. प्रोपेनॉल या अल्कोहोलचे ६०. ब्यूटेनमध्ये जवळजवळ केवळ लंडन बल आहे, ते उणे ०.५ अंशांना उकळते. ॲसिटोनमध्ये द्विध्रुव बलाची भर आहे, ते ५६ अंशांना. प्रोपेनॉलमध्ये हायड्रोजन बंध आहे, ते ९७ अंशांना. वस्तुमान तेवढेच, आणि उत्कलनांकात जवळजवळ शंभर अंशांचे अंतर. याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

घरी हे थेंबांवरून पाहता येते. स्टीलच्या ताटलीत ॲसिटोन, सॅनिटायझर, पाणी आणि खोबरेल यांचा एकेक थेंब ओळीने ठेवून घड्याळ लावावे. ॲसिटोनचा थेंब पाहता पाहता नाहीसा होतो; बोट लावले तर ताटलीचा तेवढा भाग गार लागतो, कारण सुटून जाणारे रेणू ऊर्जा ताटलीतून घेतात. माठातले पाणी गार होते त्यामागेही हेच आहे. सॅनिटायझर त्यानंतर जातो, पाणी पुष्कळ वेळ टिकते, आणि खोबरेल दुसऱ्या दिवशीही जागेवर असते.

खोबरेल का टिकते? त्यात हायड्रोजन बंध नाही, ध्रुवीयताही थोडीच. मग नियमाप्रमाणे ते ॲसिटोनच्या आधी उडून जायला हवे होते. येथे शिकवण्यातला एक दोष उघडा पडतो. “हायड्रोजन बंध सर्वांत प्रबळ, मग द्विध्रुव, लंडन बल सर्वांत क्षीण” हा क्रम आपण फळ्यावर लिहितो, पण “रेणूंचा आकार सारखा असेल तर” ही अट लिहायची राहते. लंडन बल रेणूतील इलेक्ट्रॉनांच्या संख्येबरोबर वाढत जाते. तेलाचा एक रेणू पाण्याच्या रेणूच्या तिपटी-चौपटीने नव्हे, तर चाळीसेक पटीने जड असतो, आणि त्याच्या लांब शेपटांवर पसरलेली लहान लहान ओढ एकत्र होऊन मोठी होते. डांबरगोळीतले नॅफ्थलीन पूर्णपणे अध्रुवीय असून २१८ अंशांना उकळते, पाण्याच्या दुपटीहून जास्त. कार्बन टेट्राक्लोराइड अध्रुवीय, क्लोरोफॉर्म ध्रुवीय. पण पहिला ७७ अंशांना उकळतो आणि दुसरा ६१ अंशांना. हॅलोजनांची रांगही हेच सांगते: क्लोरीन उणे ३४ अंशांना उकळतो म्हणून वायू, ब्रोमीन ५९ ला म्हणून द्रव, आयोडीन १८४ ला म्हणून घन. तिघांतही लंडन बलाशिवाय दुसरे काही नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी रेणूंचा आकार ताडावा, तो जवळपास सारखा असेल तरच ध्रुवीयता आणि हायड्रोजन बंध यांवरून निकाल द्यावा. पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड या जोडीत हायड्रोजन बंध आकारावर मात करतो. जवळजवळ दुप्पट जड असूनही हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांनाच उकळतो. मात्र ही मात लहान रेणूंतच एवढी ठळक दिसते.

चौथी पायरी: रेणू एकमेकांशेजारी कसे बसतात ते पाहणे

पुण्यात डिसेंबरच्या सकाळी खोबरेलाची बाटली गोठलेली असते आणि शेजारची शेंगदाणा तेलाची बाटली तशीच पातळ असते. दोन्ही तेलांची रचना मूलतः एकच: ग्लिसरॉलला जोडलेल्या तीन मेदाम्ल-साखळ्या. खोबरेलातल्या साखळ्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या आणि म्हणून सरळ असतात. त्या आगपेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. शेंगदाणा तेलात बहुतेक साखळ्यांत दुहेरी बंध असतो, आणि त्या ठिकाणी साखळी कोपरात वाकवलेल्या हातासारखी वळते. वाकलेल्या काड्या आगपेटीत नीट मावत नाहीत. त्या अंतरावर राहतात, आणि अंतर वाढले की लंडन बल फार झपाट्याने कमी होते.

या कल्पनेची खातरजमा दोन मेदाम्लांवर होते. स्टिअरिक आणि ओलेइक या दोन्ही आम्लांत १८ कार्बन आहेत. सरळ साखळीचे स्टिअरिक आम्ल ६९ अंशांना वितळते, एका ठिकाणी वाकलेले ओलेइक आम्ल १३ अंशांना. तोच दुहेरी बंध ट्रान्स पद्धतीने, म्हणजे साखळीचे दोन भाग बंधाच्या विरुद्ध बाजूंना ठेवून, जोडला तर साखळी पुन्हा जवळजवळ सरळ होते आणि द्रवणांक ४५ अंशांच्या आसपास जातो. अंशतः हायड्रोजनीकरण केलेले वनस्पती तूप डब्यात घट्ट राहत असे, त्यात या ट्रान्स साखळ्यांचाही वाटा होता. खोबरेल मात्र संपृक्त असूनही २४ अंशांच्या आसपासच पातळ होते, कारण त्याच्या बऱ्याच साखळ्या १२ कार्बनांच्या, म्हणजे आखूड आहेत. सरळपणा द्रवणांक वाढवतो, आखूडपणा तो कमी करतो. दोन्ही लक्षात घेतल्याशिवाय अंदाज बरोबर येत नाही.

कापूर हा या पायरीवरचा सर्वांत चकवणारा पदार्थ आहे. देव्हाऱ्यातल्या डबीचे झाकण सैल राहिले तर महिन्याभरात वड्या झिजतात, आणि डबी उघडताच वास येतो. म्हणजे रेणू साध्या तापमानालाच घन सोडून निघत आहेत, बले क्षीण आहेत. तरीही त्याचा द्रवणांक १७५ अंशांच्या आसपास, मेणाच्या दुपटीहून जास्त. कारण त्याचा रेणू आटोपशीर, जवळजवळ चेंडूसारखा गोल आहे. असे चेंडू घन अवस्थेत जागच्या जागी फिरू शकतात, त्यामुळे घन मोडून द्रव होण्याने त्यांना फारसे जास्तीचे स्वातंत्र्य मिळत नाही. त्यामुळे बलांची ताकद जोखताना एकट्या द्रवणांकावर विसंबू नये. वास, मऊपणा आणि उत्कलनांक हेही विचारात घ्यावेत. कापूर २०० अंशांच्या थोडा पुढेच उकळतो, म्हणजे त्याची द्रव अवस्था केवळ तीसेक अंशांपुरती टिकते.

पाचवी पायरी: विद्राव्यतेचा अंदाज

“समान समानात विरघळते” हे वाक्य सोपे आहे, पण त्याचे कारण सांगता आले पाहिजे. विरघळताना तीन व्यवहार होतात: विद्राव्याचे कण एकमेकांपासून सुटतात, विद्रावकाचे रेणू जागा करून देतात, आणि दोघांत नवी आकर्षणे जुळतात. नवी आकर्षणे मोडलेल्यांची भरपाई करू शकली तर बहुधा पदार्थ विरघळतो. अळूच्या पानावरचे पाणी मोती होऊन घरंगळते, कारण पानावरच्या मेणाशी जुळण्यापेक्षा पाण्याच्या रेणूंना आपापसातले हायड्रोजन बंध राखणे फायद्याचे असते.

हळद हे पाहण्याचे उत्तम साधन आहे. एका पेल्यात पाणी आणि दुसऱ्यात कोमट तेल घेऊन दोन्हींत चिमूट चिमूट हळद घालावी, ढवळावी आणि दहा मिनिटे निवू द्यावी. पाण्यात पूड तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट राहते. तेल मात्र सोनेरी होते आणि वर स्वच्छ राहते. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. फोडणीत हळद तेलात घालण्याची रीत या दृष्टीने अगदी अचूक आहे. मिसळीवर लाल तर्री तरंगते तीही याच न्यायाने: मिरचीतली लाल रंगद्रव्ये म्हणजे चाळीस कार्बनांच्या लांब साखळ्या, त्या तेलात राहतात आणि तेलाबरोबर वर येतात.

आयनिक पदार्थ पाण्यात विरघळतातच, असे मात्र समजू नये. मीठ १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम विरघळते. संगमरवराच्या भुकटीची रांगोळी पावसाने वाहून जाते, पण विरघळत नाही. संगमरवर हे कॅल्शिअम कार्बोनेट. त्यात कॅल्शिअमवर दोन आणि कार्बोनेटवरही दोन असे भार आहेत. दुहेरी भारांची जाळी इतकी घट्ट असते की पाण्याचे रेणू आयनांभोवती गोळा होऊन जी ऊर्जा देतात ती पुरत नाही. भार वाढले की द्रवणांकही वाढतो: मॅग्नेशिअम ऑक्साइड २८५० अंशांच्या आसपास वितळते, मिठाच्या साडेतीन पट.

एक पदार्थ शेवटपर्यंत तपासून पाहू

तुरटीचा एक स्वच्छ खडा घ्यावा. डिस्टिल्ड पाण्यात तिचे द्रावण एलईडी पेटवते, ठोकली तर फुटते, वास नाही. घराणे आयनिक, असे उत्तर येते. आता १० ग्रॅम वजनाचा खडा लोखंडी तव्यावर मंद आचेवर ठेवावा. द्रवणांक काही शे अंशांचा असणार असा आपला अंदाज, पण काही मिनिटांतच खड्याच्या बुडाशी ओल दिसते, तो खचतो, पातळ होतो, आणि बुडबुडे येऊ लागतात. ९२ अंशांनाच तुरटी वितळली. मेण आणि तुरटी एका पंगतीत कशी बसली?

उत्तर तिच्या रचनेत आहे. तुरटीच्या प्रत्येक घटकसूत्रात पोटॅशिअम, ॲल्युमिनिअम आणि दोन सल्फेट यांच्याबरोबर पाण्याचे १२ रेणू स्फटिकात बांधलेले असतात. मोलमागे ४७४ ग्रॅममधले २१६ ग्रॅम नुसते पाणी, म्हणजे ४५ टक्क्यांहून थोडे जास्त. तापल्यावर आयनांची जाळी सुटी होऊन वितळत नाही. स्फटिकातले पाणी मोकळे होते आणि तुरटी आपल्याच पाण्यात विरघळते. तव्यावर दिसणारा द्रव हा मुळात एक दाट द्रावण आहे, आणि बुडबुडे त्या पाण्याच्या वाफेचे. हळूहळू तो द्रव फुगून पांढरी, हलकी, सच्छिद्र लाही होते. बुडबुडे थांबले की आच बंद करावी. फार तापवल्यास सल्फेट फुटून घशाला झोंबणारे वायू निघतात. लाही निवल्यावर तोलावी. पाणी पूर्ण गेले असेल तर १० ग्रॅमची साधारण साडेपाच ग्रॅम भरते, थोडे राहिले असेल तर किंचित जास्त. आता तीच लाही पुन्हा त्याच तव्यावर, त्याच मंद आचेवर ठेवून पाहावी. ती तशीच कोरडी पडून राहते, वितळत नाही.